वावभर फीत

तुंगार्लीच्या उतारावर, तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या जरा अलीकडे, दोन घरं एकाखाली एक अशी आहेत. वरचं निवृत्ती केदारींचं, खालचं यशोधराचं. दोन्हींच्या मधे दगडी पायऱ्या. वरच्या घराच्या मागच्या दारातून निघालं की माणूस थेट यशोधराच्या न्हाणीघरापाशी उतरतो. दुसऱ्या कुणाला असल्या पायऱ्यांचा त्रास झाला असता. यशोधराला ती सोय वाटायची. वर कुरिअरवाला आला का, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, निवृत्ती आबांनी आज गोळ्या घेतल्या की नाही, सगळं तिला धुणं धुता धुता कळायचं.

"तुजं नाक म्हंजे सिग्नलचा हात हाय," तिचा नवरा भिकाजी म्हणायचा. जन्मभर रेल्वेच्या रुळांवर काम करून तो आता घरी बसला होता. "कायम वर."

"म्हातारं माणूस एकटं राहतंय. कुणी बघायला नको?"

"बघ की. पन वास कशाला घेती?"

वास मात्र खरोखरच येत होता. पावसाळा सरत आला की वरून बिघडलेल्या लोणच्यासारखा आंबूस वास खाली उतरायचा. लोणचं असतं तर यशोधराने पहिल्याच वर्षी बरणी घासून दिली असती. पण तो वास होता आबांच्या लोखंडी कपाटाचा, आणि कपाटातल्या फिल्मचा.

निवृत्ती आबा मूळचे भाजे गावचे. उमेदीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांवर वायरमन म्हणून काढली, लग्न केलं नाही, आणि म्हातारपणी लोणावळ्यात येऊन राहिले ते हे कपाट घेऊन. कपाटात तळहातावर मावतील अशा डब्या. एकेका डबीत एक सिनेमा. पूर्वी परदेशात लोकांना घरच्या भिंतीवर पिक्चर बघायची हौस होती. तेव्हा कंपन्या तीन तासांचा सिनेमा कापून वीस मिनिटांचा करायच्या, आणि करंगळीच्या नखाहून अरुंद अशा फितीवर छापून विकायच्या. आबांनी बंदराबंदरांतून त्या गोळा केल्या होत्या. हल्ली मोबाइलवरून मागवायचे. जगात असे वेडे आणखी बरेच आहेत, हे यशोधराला पार्सलांवरच्या तिकिटांवरून कळलं होतं.

"तीन तासांचे वीस मिनिटं?" तिने पहिल्यांदा विचारलं होतं. "मग काढतात तरी काय?"

"गानी काढत्यात. आईचं रडनं काढत्यात. हिरो गाडीत बसला का उतरलाच. मदला रस्ता न्हाई."

"आमच्या मालिकेचं असं केलं तर काय राहील?"

"नाव."

रविवारी संध्याकाळी ती वाटीत काहीतरी झाकून वर जायची, आबा भिंतीवरचं कॅलेंडर उतरवायचे आणि मशीन लावायचे. शिलाई मशीन चालावं तसा आवाज. भिंतीवर उशीएवढं चित्र. बोलणं नाहीच, फिती मुक्या होत्या. मधेच फीत तुटली की आबा एका छोट्या ठोकळ्यावर ती धरायचे, पात्याने दोन्ही टोकं सरळ कापायचे, वरून पारदर्शक टेप चिकटवायचे. यशोधरा ते टक लावून बघायची. शिवणकाम तिला येत होतं. हे त्याहून सोपं होतं.

कपाटात एकच सिनेमा तीन डब्यांत आहे, हेही तिच्या नजरेतून सुटलं नाही. तिन्ही डब्यांवर तेच चित्र: डोंगर, घोडा आणि मिशीवाला माणूस.

"आबा, हा एवढा आवडतो?"

आबांनी डबी हातात फिरवली. "सिनिमा भंगार हाय," म्हणाले. "ह्यात सरू हाय. माजी धाकटी बहीण."

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना ते भिंतीकडेच बघत होते. पन्नास वर्षांमागे भाज्याच्या लेण्यांवर शूटिंगवाले आले. गावातल्या पोरी डोक्यावर पाट्या घेऊन पायऱ्या उतरतात, एवढंच दृश्य. पोरी हौसेने गेल्या. संध्याकाळी सगळ्या पोरी उतरल्या, सरू उतरली नाही. लेण्यांत शोधलं, डोंगरावर शोधलं, विहिरींत गळ टाकले. आबा तेव्हा समुद्रावर. त्यांना बातमी लागली तोवर गावाने शोधणं सोडून दिलं होतं. घरात सरूचा एकही फोटो नव्हता. त्या काळी कोण काढतं पोरींचे फोटो? सिनेमा आला, आठवड्यात पडला, त्याची मोठी प्रत पुढे कुणालाच कुठे सापडली नाही. राहिली ती ही कापलेली. मोंबासाच्या एका दुकानात डबीवरचा डोंगर ओळखून आबांनी ती विकत घेतली होती.

त्यांनी मशीन लावलं. लेण्यांच्या पायऱ्या. पोरी हसत, एकमेकींना ढकलत उतरल्या आणि चित्राबाहेर गेल्या. पायऱ्या क्षणभर रिकाम्या. मग वरून एक पोर एकटीच उतरायला लागली. डोक्यावर पाटी, पाटीची सावली तोंडावर. एक पायरी, थांबून दुसरी. आता तोंड दिसेल असं वाटलं, तेवढ्यात वरून कुणी हाक मारावी तशी ती थबकली. वळली, आणि सावकाश पायऱ्या चढून लेण्याच्या काळोखात गेली. पुढे एकदम गाडी आणि मारामारी.

"तोंड न्हाई दिसत," आबा म्हणाले. "म्हनून तीन आनल्या. वाटलं, येकादीत जरा म्होरं कापलं आसंल. तिन्ही सारख्याच."

"मग ती सरूच कशावरून?"

"चालीवरून." आबांनी मशीन बंद केलं. "तिचं तोंड आठवाया गेलं का आता धुरकट येतं, पोरी. येकदा दिसलं का बास. मंग माजी काय तक्रार न्हाई."

यशोधराने पदराने डोळे पुसले. ती लवकर रडायची आणि लवकर विसरायचीही. ही गोष्ट मात्र तिने मनात ठेवली.

*

भाद्रपदात आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तळेगावला पुतणीकडे निघाले. पुतणी रेणुका रिक्षात बसून राहिली आणि आबा चावी द्यायला पायऱ्यांनी खाली आले.

"कपाटातला बलब बंद करू नको. दमट हवेला तेवडाच विलाज. आन् डब्या उगडू नको."

"मी कशाला उघडीन, आबा?"

आबा नुसतेच हसले. ओट्यावर बसलेला भिकाजी मोठ्याने हसला.

दोन दिवस तिने बल्ब बघितला आणि खाली आली. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. लोणावळ्यात पावसाळ्यानंतरचं पहिलं खणखणीत ऊन म्हणजे सण असतो. घराघरांतून गाद्या, रजया, चामडी पट्टे, लग्नाचे अल्बम, जे जे म्हणून ओलसर झालंय ते सगळं अंगणात येतं. ऊन दाखवल्याशिवाय ठेवलेली वस्तू ही हयगयीने ठेवलेली वस्तू, असं यशोधराची आई म्हणायची. ती वर गेली, कपाट उघडलं, आणि वास असा अंगावर आला की तिला राहवलं नाही.

तिने आबांच्या गच्चीत खाटेवर जुनं मऊ लुगडं अंथरलं, डब्या उघडून रिळं मांडली, वरून दुसरं लुगडं घातलं. कुरडयांवर घालतात तसं. बहुतेक रिळं ठीक होती. डोंगर-घोड्याच्या तीन रिळांपैकी एक मात्र मधेच चिकटलं होतं. तिने ते हळूहळू सोडवलं, मलमलच्या फडक्याने पुसत नेलं. एका जागी फीत पापडासारखी वाकडी झालेली, वर पांढरी बुरशी, हाताला चिकट.

किडकं वांगं कुणी अख्खं फेकत नाही. किडका भाग काढायचा, बाकीच्याची भाजी करायची. तिने तो भाग उजेडात धरून बघितला. पायऱ्या, पायऱ्या, आणि त्यांवर मसुराएवढी आकृती. पाठमोरी. माघारी चढणारी.

यशोधराला बरंच वाटलं. आबांना तोंड हवं होतं. पाठ गेली तर गेली.

आबांच्याच पात्याने तिने दोन्हीकडे सरळ काप घेतला, ठोकळ्यावर टोकं जुळवली, टेप लावली. जोड असा बसला की बोटाला लागू नये. कापलेला तुकडा वावभर भरला, दोन्ही हात पसरले की होतो तेवढा. टाकून द्यायचा तिचा स्वभाव नव्हता. तिच्या परसातल्या पेरूवर पोपट फार यायचे. तिने तो तुकडा फांदीला बांधला. उन्हात तो लखलख हलायला लागला आणि पोपट त्या दिवसापासून आले नाहीत.

"आता आबांचा सिनिमा झाडाला टांगला का?" भिकाजीने विचारलं.

"खराब झालेलं होतं ते. तुम्ही पेरू खा."

*

आबा परत आले ते दिवाळीच्या तोंडावर. डोळा स्वच्छ झाला होता. कपाट उघडून त्यांनी वास घेतला आणि यशोधराकडे बघितलं.

"ऊन दाखवलं जरा," ती म्हणाली. कापल्याचं बोलणार होती, पण आबा इतके खूश दिसले की शब्द मागे राहिला.

"लय गुणाची हाईस. बस. नव्या डोळ्यानं पयली सरूच बघू."

खिडकीबाहेर अजून उजेड होता. आबांनी पडदा ओढला, कमी वास येणारं रीळ निवडलं. तेच, तिने जोडलेलं. यशोधरा स्टुलावर बसली, हातातल्या वाटीत शंकरपाळे होते. मशीन सुरू झालं.

पोरी हसत उतरल्या, बाहेर गेल्या. पायऱ्या रिकाम्या. मग ती आली. पाटी, सावली. एक पायरी, थांबून दुसरी. यशोधरा मनात म्हणाली, आता इथे जोड येईल आणि पुढे गाडी.

जोड आला. भिंतीवर एक बारीक रेघ चमकून गेली.

गाडी आली नाही. पोर उतरतच राहिली.

यशोधराने वाटी खाली ठेवली. तिने त्या फितीचा काप स्वतःच्या हाताने घेतला होता, पुढचं टोक स्वतः बघितलं होतं. पुढे गाडीचं चाक होतं. पण भिंतीवर पायरीमागून पायरी येत होती, आणि पोर मोठी होत होती. उशीएवढ्या चित्रात ती मावेनाशी झाली. पाय चित्राखाली गेले, मग पदराचा काठ गेला. थबकणं नाही. वर बघणं नाही. मशीनचा आवाज तोच, शांत, एकसारखा.

"आबा..." ती म्हणाली.

 ते पुढे झुकले होते.

पाटीची सावली तोंडावरून सरकली. भिंतभर तोंड. ते हललं नाही, नुसतं बघत राहिलं. आबांकडे नाही, जरा बाजूला, स्टुलाच्या दिशेने. मग फीत संपली आणि भिंतीवर नुसता पांढरा उजेड राहिला. रिळाचं टोक फटफट वाजत होतं.

आबांनी मशीन बंद केलं. 

"दिसलं ना, आबा?" यशोधराचा आवाज बारीक झाला होता.

"दिसलं." आबांनी गालावरून हात फिरवला. "बगितल्याबरूबर सरू आठवली मला. लख्ख आठवली. हनुवटीवरचं गोंदन, पडक्या दाताची फट... समदं." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "ही न्हाई."

"नीट बघा. डोळा नवा आहे."

"डोळा नवा हाय म्हनूनच सांगतो. ही सरू न्हाई."

खाली भिकाजीने रेडिओ लावला होता, त्याचं गाणं पायऱ्यांवरून वर येत होतं. ते मधेच बंद झालं. लाइट गेली असेल. वर कपाटातला बल्ब चालू होता.

आबांनी दुसरी प्रत लावली. पोरी उतरल्या, बाहेर गेल्या. पायऱ्या रिकाम्या राहिल्या. रिकाम्याच राहिल्या, ती उतरून वळून परत जायला जेवढा वेळ लागायचा तेवढा सगळा वेळ. मग गाडी आणि मारामारी. तिसरी प्रत लावली. तीतही तसंच.

"तू काय केलंस?" आबांनी विचारलं. रागाने नाही. डॉक्टर विचारतात तसं.

तिने सांगितलं.

"वळायचा तुकडा काडलास."

"सडला होता, आबा. पाठच होती नुसती. मला वाटलं..."

"कुटं हाय?"

दोघं पायऱ्या उतरून परसात आली. उजेड जेमतेम उरला होता. आबांनी पेरूच्या फांदीवरून तुकडा सोडवला आणि न्हाणीघराच्या बल्बसमोर धरला. आश्विनातलं ऊन आणि मधेच पडलेल्या दोन सरी, एवढ्यात चित्र पार धुऊन गेलं होतं. काचेसारखी स्वच्छ फीत. आबांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून ओढली.

"पायऱ्यासुदीक न्हाईत," ते म्हणाले. मग वरच्या काळोखाकडे बघत, हळू: "आता तिला माघारी कोन बोलवनार?"

*

त्या रात्री भिकाजीने विचारलं, "दिसाया कशी व्हती?"

यशोधरा सांगायला गेली आणि अडली. कुणाच्या हळदीत कोण कुठलं लुगडं नेसून आलं होतं, हे वीस वर्षांनी सांगणारी बाई. भिंतभर तोंड तिने बघितलं होतं. पाटी आठवत होती, पदराचा काठ आठवत होता, मागची पायरी एका कोपऱ्यात फुटलेली होती तेही आठवत होतं. तोंडाच्या जागी काही येत नव्हतं.

"चांगली होती," ती म्हणाली.

दिवाळीनंतर आबा दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तळेगावला गेले आणि परत आलेच नाहीत. रेणुका त्यांना चांगलं सांभाळते. कपाट नेलं, मशीन नेलं. सरू आता आपल्याला रोज दिसते, डोळे मिटले की येते, असं ते फोनवर सांगतात. त्या सिनेमाच्या तिन्ही डब्या मात्र त्यांनी नेल्या नाहीत. त्या वरच्या घरात जमिनीवर ठेवल्या आहेत. निघताना त्यांनी मागच्या दाराला स्वतः आतून कडी लावली आणि पुढच्या दाराची चावी यशोधराला दिली.

"पायऱ्या वापरू नको," एवढंच म्हणाले.

तिने वापरल्या नाहीत. वर जाण्याचं कारणही उरलं नव्हतं. तिने पायऱ्यांच्या पायथ्याशी जळण रचलं, धुण्याचा दगड पुढच्या अंगणात हलवला. भिकाजीने पहिल्यांदाच तिला चिडवलं नाही. पेरूला यंदा बहर चांगला आला. झाडाला काहीही बांधलेलं नाही, तरी पोपट येत नाहीत. पेरू पिकतात आणि जागीच गळून पडतात.

मग पावसाळा आला. लोणावळ्याच्या पावसात ज्या पायरीवर पाऊल पडत नाही ती पायरी महिन्याभरात हिरवी होते. शेवाळ असं धरतं की मखमल अंथरावी. आषाढ सरता सरता आबांच्या पायऱ्या वरपासून खालपर्यंत हिरव्यागार झाल्या, आणि ते बघून यशोधराच्या जिवाला जरा थंडावा मिळाला.

श्रावणात एके दिवशी जळण काढताना तिने मान वर केली. सगळ्यात वरची पायरी मधोमध काळी होती. दगड दिसत होता. दोन्ही कडांना शेवाळ तसंच, मधे पाऊल पडून पडून घासल्यासारखं.

"पानी वाहात आसंल," भिकाजी म्हणाला.

"पाणी एकाच पायरीवर कसं वाहील?"

 पुढच्या आठवड्यात खालची पायरी घासली गेली. मग तिच्या खालची. ओल्या शेवाळावर कडेला कुठे कुठे पायाची बोटं उमटलेली दिसतात. सगळी बोटं उताराकडे. वर चढणारं एकही पाऊल नाही.

आबांचा फोन येतो. इकडचं तिकडचं झालं की ते विचारतात, "पायऱ्या?"

"हिरव्या आहेत, आबा," ती सांगते. म्हाताऱ्याला बहीण आत्ता कुठे मिळाली आहे.

एकदा तिने धीर केला. भर दुपारी चावी घेऊन पुढच्या रस्त्याने वरच्या घरात गेली, मागच्या दाराची कडी काढली आणि उंबऱ्यात उभी राहिली. खाली पायऱ्या, पायऱ्यांच्या शेवटी तिचं जळण, त्यापलीकडे तिचं न्हाणीघर आणि उपडी घातलेली बादली. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. पाऊस थांबला होता. आंबूस वास मात्र येत होता, खोलीतून नाही, खालून.

वरून हाक मारायची, एवढंच काम होतं. पूर्वी कुणीतरी मारली होती आणि ती वळली होती. यशोधराने तोंड उघडलं आणि तशीच राहिली. हाक मारायची तर नाव पाहिजे. सरू म्हणावं तर ती सरू नाही. आणि जिचं तोंडही आठवत नाही, तिला कोण म्हणून बोलवायचं?

"अगं बाई..." ती शेवटी म्हणाली. कुजबुजल्यासारखं. "जा की माघारी."

खाली जळणातलं एक लाकूड घरंगळलं. ती थोडा वेळ थांबली, मग कडी लावून आल्या वाटेने घरी गेली.

त्या दिवशी खालच्या तीन पायऱ्या हिरव्या होत्या. आज सकाळी दोन आहेत.